बानेटावरचं भस्म

नळदुर्गात माणिकप्पाला लोक 'मोटारवाले' म्हणत, आणि तो त्या हाकेला मान ताठ करून ओ देई. मोटारीशी त्याचा संबंध एवढाच, की निजामाच्या अमदानीत तहसीलदारसाहेबांकडं मोटार होती आणि ती पुसायला हा ठेवला होता. चालवायला दुसरा होता, हैदराबादहून आणलेला. पुढं पोलीस अॅक्शन झाली. तहसीलदार गेला, तो ड्रायव्हर गेला, मोटारीचं काय झालं देव जाणे. खरं काय ते सांगणारं कुणी उरलं नाही, तेव्हा माणिकप्पा मागच्या तारखेनं ड्रायव्हर झाला.

"साहेब म्हणायचे, माणिक, स्टेअरिंग तेरे हाथ में है तो मैं आराम से सोता हूं," असं तो बाजारातल्या ओट्यावर बसून सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे. मी सोलापूरच्या माहेरची, मराठी सातवी झालेली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मलाही ते खरं वाटलं होतं. मग आमच्या घरच्यांची शाळेतली नोकरी पक्की झाली, आम्ही बिऱ्हाड बदललं आणि नेमका त्याचाच शेजार मिळाला. भिंतीला भिंत. शेजाऱ्याबद्दल फार दिवस गैरसमज राहत नाही.

दिसायला माणूस देखणा, हे कबूल केलं पाहिजे. उंच, गोरा, कपाळावर भस्माचे पट्टे अगदी आखून काढल्यासारखे, अंगात नेहमी इस्त्रीचा सदरा. तो सदरा धुणारी, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री करणारी आणि सदऱ्याच्या आतल्या पोटाला घालणारी त्याची बायको पार्वतम्मा. बुटकी, काळीसावळी, बोलायला कमी. ती पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापायची, पापडासारख्या पातळ, आणि चुलीच्या कडेनं उभ्या करून मंद आरावर कडक करायची. सोबत उखळात कुटलेली शेंगाची चटणी. तिची भाकरी महिनाभर टिकायची आणि दाताखाली कुर्रकन मोडायची. सोलापुरात एका गिरणीजवळ शरणप्पाची खाणावळ होती. दर मंगळवारी पार्वतम्माच्या दोन मोठ्या पाट्या तिथं जायच्या. त्या दोन पाट्यांवर ते घर उभं होतं. माणिकप्पाचा हातभार म्हणजे तो पाटीतली एक भाकरी मोडून खायचा आणि सांगायचा, "आज जरा करपलीया."

सडकेच्या एका ठेकेदाराचं काम संपलं आणि त्यानं आपलं जुनंपानं विकायला काढलं. त्यात एक पिकअप होती. अमेरिकी बनावटीची, पुढं तिघांना बसायला जागा, मागं उघडा हौदा, रंग कोणे एके काळी निळा. पार्वतम्माच्या पाटल्या मोडून ती घरी आली. माणिकप्पाचं म्हणणं, "मोटारवाल्याच्या बायकोनं एस्टीत पाट्या चढवायच्या? गावात तोंड कसं दाखवू?" तोपर्यंत पार्वतम्मा एस्टीनंच जात होती आणि तो गावात तोंड चांगलं दाखवत होता. पण दारात गाडी येईल म्हटल्यावर त्याची इज्जत एकदम नाजूक झाली. चालवायला तो शिकला ते खरं तेव्हाच, गावाबाहेरच्या माळावर. "गाडीला हाताची सवय लावायलोय," असं म्हणे. गाडीनं दोन बाभळी मोडल्या, तेव्हा म्हणे, "गाडी तापट हाय."

त्या गाडीच्या बानेटावर, काचेच्या अगदी खाली, दोन बारीक तोट्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्यासुद्धा नाहीत. ड्रायव्हरच्या पायाशी रबराचं एक बटण. ते दाबलं की आत टांगलेल्या काचेच्या बरणीतलं पाणी नळीतून वर चढायचं आणि त्या तोट्यांतून पुढच्या काचेवर चिळकांडी उडायची. मग वायपर फिरवला की काच लख्ख. ठेकेदाराच्या माणसानं गाडी ताब्यात देताना ते दाबून दाखवलं होतं. आम्ही शेजारच्या बायका बघायला उभ्या होतो. एवढी सोपी गोष्ट आम्हाला कळली. माणिकप्पाला कळायला हरकत नव्हती.

दसरा आला. आपल्याकडं त्या दिवशी नांगरापासून शिलाईच्या मशिनीपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी गाडीचीही झाली. झेंडूचा हार, नारळ, लिंबू. सगळं रीतीप्रमाणं. पण रीतीवर थांबला तर तो माणिकप्पा कसला. पूजा करता करता त्याला साक्षात्कार झाला, की ही गाडी म्हणजे नंदी आणि बानेटावरच्या या दोन तोट्या म्हणजे नंदीची शिंगं. त्यानं भस्म गंधात कालवलं आणि दोन्ही तोट्यांना जाड लेप दिला. पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. आधीचा लेप काढायचा नाही, कारण, "देवाचं कुणी पुसतंय व्हय?" आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. थरावर थर वाळत गेले आणि तोट्यांच्या जागी बोरं लागल्यासारखे दोन पांढरे गोळे तयार झाले.

मी देवाधर्माची बाई आहे. सकाळचं तुळशीला पाणी आणि तुळजापूरच्या आईचं नाव माझं कधी चुकलं नाही. पण देव कुणाला दाखवायला म्हणून बाहेर काढला नाही. माणिकप्पाचा देव बाजारात उभा असायचा, आणि शेजारी माणिकप्पा, येणाऱ्याजाणाऱ्यानं आधी कुणाकडं बघून हात जोडले हे बघत. खेड्यातून बाजाराला आलेल्या बायका भाबड्या. त्या बानेटाला हात लावून कपाळाला लावत. हा डोळे मिटून आशीर्वाद दिल्यासारखा मान हलवी.

उन्हाळाभर काही बिघडलं नाही. धुळीला फडकं पुरतं. आषाढ लागला, पाऊस आला, आणि सडकेच्या दोन्ही अंगांची काळी माती डांबरावर आली.

सोलापूर-हैदराबाद सडकेवरचे ट्रक म्हणजे तुम्हाला सांगते, समोरून येताना चिखलाची भिंत घेऊन येतात. एका मंगळवारी बोरीच्या पुलापलीकडं असाच ट्रक गेला आणि पिकअपची अख्खी काच काळी झाली. माणिकप्पानं वायपर लावला. वायपरनं तो चिखल लोण्यासारखा पसरवला. त्यानं पायानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. वर थेंब नाही. गाडी सडक सोडून उडदाच्या रानात उतरली आणि एका अंगावर कलली. पार्वतम्माचं उजवं मनगट मुरगळलं. हौद्यातल्या दोन्ही पाट्या चिखलात पालथ्या झाल्या. कडक भाकरी भिजली की संपली. ती जनावरंसुद्धा नीट खात नाहीत.

माणिकप्पाला खरचटलंही नाही. घरी आल्यावर तो ओट्यावर बसून सांगत होता, "नंदीनं वाचिवलं. दुसरी गाडी असती तर दोघं बी गेलो असतो."

शरणप्पाचा निरोप एका ट्रकवाल्याबरोबर आला: एक मंगळवार हुकला ते समजू शकतो, माणसं जेवायची थांबत नाहीत, पुढच्या मंगळवारी भाकरी आली नाही तर अक्कलकोटच्या एका बाईला कायमचं सांगून टाकतो.

पार्वतम्मानं निरोप ऐकला. सुजलेल्या मनगटाला हळदीचा लेप होता. तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "काचंवर पानी उडंल तवा म्या गाडीत बसंन. माझ्या पाट्या बी तवाच बसतील."

"अगं, एवढं काय त्यात? आपुन हाताला खाज आली तर मोटार खोलून परत जोडतो," माणिकप्पा म्हणाला, आणि बानेट उघडून आत बघत उभा राहिला. बघण्यात तो पटाईत होता. दुपारपर्यंत बघून त्यानं निदान केलं, "पानी जड हाय." म्हणजे काय ते त्यालाच माहीत. विहिरीचं पाणी काढून त्यानं नळाचं भरलं. तरी थेंब नाही.

मग कादर मिस्त्री आला. हायवेच्या कडेला बाभळीखाली त्याचं दुकान होतं. त्याच्याबद्दलही चांगलं बोलावं असं माझ्याकडं फारसं काही नाही. तोंडात कायम शिवी आणि तंबाखू. पण त्यानं एक नजर टाकली आणि हसतच सुटला.

"माणिकचाचा, पहले ये सींगां साफ करो. रोग इधर है. भोकंच बुजवून ठेवलीत तुमी, पानी काय तुमच्या कपाळातून निघंल?"

"शिंगांना हात लावायचा न्हाय," माणिकप्पा म्हणाला. "दुसरं काय असंल ते बघ."

"दुसरं काहीच न्हाय ना!"

"मोटारवाला तू का म्या?"

कादरनं माझ्याकडं आणि पार्वतम्माकडं बघितलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "ठीक है. दुसरं बघतो." आणि खरंच त्यानं सगळं दुसरं केलं. बरणीला तडा गेलाय म्हणाला. दवाखान्यातली सलाइनची रिकामी बाटली उलटी टांगली. नळी कडक झालीय म्हणाला. दवाखान्यातलीच रबराची नळी आणून जोडली. पायाच्या बटणाखालची रबराची वाटी बदलली, सायकलच्या ट्यूबमधून नवी कापून बसवली. एकेक काम झालं की माणिकप्पा आत बसून रुबाबात बटण दाबायचा. पाण्याला वर वाट नाही, मग ते खालीच सांधा फोडून बाहेर यायचं, थेट त्याच्या धोतरात. प्रत्येक वेळी तो ओल्या धोतरानं खाली उतरायचा आणि चार माणसांसमोर म्हणायचा, "जोर लई हाय. मशीन पावरबाज हाय."

मी कादरला हळूच म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे ना बिघाड कुठं आहे? मग हे कशाला?"

तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक अक्कलवालं असतं तर मी कवाच उपाशी मेलो असतो."

तो हरामखोर आणि हा मूर्ख. मधल्या मधे पार्वतम्मा दुखरा हात सांभाळत भाकरी थापत होती. डाव्या हातानं थापलेली भाकरी वाकडी होते, ती मोडून परत थापायची. भिंतीपलीकडून तो थपथप आवाज मला ऐकू येई, मधेच थांबे, परत चालू होई.

मठात श्रावणाचं पुराण चालू झालं होतं. शनिवारी आम्ही दोघी तिथं गेलो होतो. पुराण संपल्यावर माणिकप्पा पुढं झाला. सगळ्यांसमक्ष शांतलिंग स्वामींना म्हणाला, "स्वामीजी, आमच्या गाडीच्या शिंगांवर वर्षभराचं भस्म हाय. मिस्त्री म्हनतोय खरवडा. तुमीच सांगा, असं पाप कसं करायचं?" त्याला वाटलं, स्वामी भर सभेत शाबासकी देतील.

स्वामी म्हातारे, बोलायला तिखट. त्यांनी विचारलं, "कसली शिंगं?"

"नंदीची, स्वामीजी. बानेटावर हायत."

"लहानपणी तुझ्या गळ्यात लिंग बांधलं ते कुठंय?"

माणिकप्पानं सदऱ्यावरून छाती चाचपली. "हाय की."

"मग ते सोडून लोखंडावर काय शोधायलास? आन् नंदीच्या तोंडावर वर्षभर चिखल थापतात व्हय रे? खऱ्या बैलाला असं केलं असतंस तर त्यानं लाथ घातली असती."

बायकांत खसखस पिकली. पार्वतम्मा हसली नाही. ती खाली जमिनीकडं बघत होती. माणिकप्पा नमस्कार करून बाहेर आला, आणि मठाच्या पायऱ्या उतरायच्या आत भेटेल त्याला सांगू लागला, "स्वामीजी म्हनाले, माणिक, नंदीची सेवा चालू ठेव." मी मागंच होते. माझ्या कानांनी ऐकलं. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण निदान वळण येईपर्यंत तरी थांबतात.

रविवारी सकाळी तो न्हाणीत असताना पार्वतम्मा माझ्या दाराशी आली. एका हातात भाकरीचं उलथनं, दुसऱ्या हातात गोधडीचं दाभण.

"वैनी, जरा येता का?"

आम्ही गाडीपाशी गेलो. तिनं पदर खोचला, आधी हात जोडले, पुटपुटली, "शिवा, समजून घे," आणि उलथन्याच्या धारेनं लेप खरवडायला लागली. भस्माच्या खपल्या तिनं खाली पडू दिल्या नाहीत, एका हाताच्या तळव्यावर झेलून तुळशीच्या कुंडीत नेऊन टाकल्या. त्या बाईची ती रीत बघून मला वाटलं, देव असलाच या अंगणात तर तो आत्ता आला. गोळे निघाल्यावर आतून पितळेच्या तोट्या दिसल्या, एवढ्याशा, हिरव्या पडलेल्या. तिनं दाभण घालून भोकं मोकळी केली, फुंकर मारली.

"वैनी, तुमी आत बसा आन् ते बटन दाबा."

तेवढ्यात न्हाणीतून माणिकप्पा पंचा गुंडाळून धावत आला. "अगं, शिंगं! नंदीची शिंगं! काय केलंस ह्ये?"

"नंदीला पानी पाजायलेय," पार्वतम्मा म्हणाली.

तो बानेटावर ओणवा होऊन तोट्यांकडं बघायला लागला आणि मी बटण दाबलं. दोन धारा अशा जोरात उडाल्या की काचेपर्यंत जायच्या आधी त्याच्या तोंडावरच बसल्या. भस्माचे पट्टे विरघळून मिशांवर आले. समोरच्या ओट्यावरची माणसं हसायला लागली. कुणी तरी ओरडलं, "मोटारवाले, न्हाणी बाहेर आणली का काय?"

दुसरा एखादा माणूस घरात गेला असता. माणिकप्पा क्षणभर डोळे मिचकावत उभा राहिला, मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "गंगा! नंदीच्या शिंगातून गंगा आली! हर हर महादेव!"

मी गाडीतून उतरून घरात आले. त्यापुढं तिथं उभं राहवलं नाही.

सोमवारी त्यानं गाडी बाजारात नेऊन उभी केली. श्रावणी सोमवार, खेड्यापाड्यातली माणसं गावात. हा आत बसून बटण दाबायचा आणि बायका ओंजळी पुढं करायच्या. कुणी डोळ्यांना लावलं, कुणी पोराच्या डोक्यावरून फिरवलं, एकीनं तर प्यायलं. सलाइनच्या बाटलीतलं, सायकलच्या रबरातून आलेलं पाणी! मी भाजी घ्यायला गेले होते. त्या बाईला म्हटलं, "अहो, हे काच धुवायचं पाणी आहे." ती मलाच म्हणाली, "तुमचा इस्वास नसंल तर गप ऱ्हावा बाई." तिच्यावर काय रागवायचं? रागवायचं ते आत बसलेल्यावर. तो माझ्याकडं बघून म्हणतो कसा, "मास्तरीणबाई, ओंजळ धरा की. लाजताव कशाला?"

मंगळवारी पाट्या भरल्या. खाली धडपं, वर धडपं, त्यावर मेणकापड. पार्वतम्मानं नवऱ्याला विचारलं, "पानी हाय न्हवं?"

"हाय की. काल उडताना बगितलं न्हाईस?"

मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं सोलापूरला जायचं होतं, म्हणून मीही बसले. पुढं आम्ही तिघं, मधे पार्वतम्मा, मांडीवर चटणीचा डबा. रात्री पाऊस होऊन गेला होता. सडक ओली, आभाळ दाटलेलं पण थेंब नाही. इटकळच्या अलीकडं समोरून ट्रक आला. पाठोपाठ दुसरा. फाडकन काच काळी झाली. समोरचं काही म्हणता काही दिसेना. माझ्या तोंडातून आईचं नाव निघालं.

माणिकप्पानं बटण दाबलं. वर 'फुस्स' झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा फुस्स. तोट्यांतून नुसता वारा.

त्यानं डोकं खिडकीबाहेर काढलं आणि तसाच गाडी हाकू लागला. तिसऱ्या ट्रकनं त्याच्या तोंडावर चिखल मारला. तेव्हा कुठं त्यानं गाडी कडेला घातली. पुढचं चाक गटारीच्या काठावर थांबलं. आणखी हातभर गेलं असतं तर पुन्हा तेच उडदाचं रान झालं असतं.

पार्वतम्मानं मागं वळून हौद्यातल्या पाट्या बघितल्या.

"पानी कुठं गेलं?" पार्वतम्मानं विचारलं.

"संपलं दिसतंय. सोमवार व्हता न्हवं काल. लोकं मागायली, न्हाय कसं म्हनायचं?"

"मग भरलं का न्हाय?"

"ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

कडेच्या गटारीतून पावसाचं पाणी वाहत होतं. गढूळ, पण काच धुवायला पुष्कळ. पार्वतम्मानं चटणीच्या डब्यावरची वाटी काढून पुढं केली. "ह्ये घ्या. ह्यातलं भरा."

माणिकप्पानं वाटीकडं बघितलं, गटारीकडं बघितलं. "ह्ये पानी? शिंगातून? कुनाकुनाच्या पायाचं पानी असंल त्ये! गंगा आलीया तिथनं. न्हाय जमायचं. आपुन वाट बगू. पाऊस आला की काच आपोआप धुतली जाईल."

मला वाटलं ती ओरडेल. मी असते तर ओरडले असते. तिनं वाटी पदरानं पुसली, डब्यावर परत ठेवली. मला म्हणाली, "वैनी, उतरा."

आम्ही उतरलो. तिनं हौद्यातून एक पाटी ओढली, दुखऱ्या हातानं, मी दुसरी धरली. दोन्ही सडकेच्या कडेला दगडांवर ठेवल्या. माणिकप्पा आतूनच म्हणत होता, "पार्वते, काय चालवलंस? एस्टीत चढणार? मोटारवाल्याची बायको? लोक हसतील!" ती सडकेकडं बघत उभी. त्याच्याकडं तिनं मान फिरवली नाही.

बऱ्याच वेळानं नळदुर्गाकडून सोलापूरची एस्टी आली. पार्वतम्मानं सडकेच्या मधे जाऊन हात केला. एस्टी समोर उभी राहिली. कंडक्टर दारातून ओरडला, "जागा न्हाय बाई! आन् पाट्या टपावर."

"टपावर भिजतील. भाकरी हाय. आत घ्या, म्या उभी ऱ्हाते, पाट्या बसवा."

"पाट्याला तिकीट लागंल."

"लागू द्या."

कंडक्टर हसला आणि खाली उतरला. पाट्या चढवायला त्यानं स्वतः हात लावला. आतल्या माणसांनी पाय आखडून जागा केली, मीही आत शिरले. ते करता करता त्याचं लक्ष पिकअपकडं गेलं. काळी काच, आणि चिखलानं माखलेला माणिकप्पा आता बाहेर येऊन उपरण्यानं ती पुसत होता, जणू एस्टी आलीच नाही.

"ह्ये कोन तुमचे?" कंडक्टरनं विचारलं. "त्यांना यायचंय का?"

पार्वतम्मा पायरीवर चढली होती. तिथनंच तिनं एकदा मागं बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली. "नळदुर्गचे हायत. वळखीचे."

माणिकप्पाचा उपरण्याचा हात थांबला. कंडक्टरनं घंटी मारली.

दुपारच्या पंगतीच्या आत पाट्या शरणप्पाच्या खाणावळीत पोचल्या. त्यानं एक भाकरी मोडून कानाशी धरली, कुर्रकन वाजली, आणि पुढच्या मंगळवारचं सांगितलं. तेव्हापासून पार्वतम्मा दर मंगळवारी एस्टीनं जाते. कंडक्टर तिच्यासाठी पुढची जागा धरून ठेवतो. त्या पिकअपमध्ये ती पुन्हा बसली नाही. कुणी विचारलं तर कारण सांगत नाही.

आणि मोटारवाले? ते संध्याकाळी गावात आले, अंघोळ केली, पट्टे ओढले, इस्त्रीचा सदरा घातला आणि दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. मी सोलापूरहून परत येऊन दारात तांदूळ निवडत होते. मला ऐकू येईल अशा आवाजात सांगत होते, "आज इटकळपाशी एस्टी थांबत नव्हती. म्या हात केला तवा थांबली. डायव्हर वळखतो ना मला, साहेबांच्या वेळेपास्नं."